मागे राहिलेली आत्या

बस सुटली तेव्हा आत्या राणीच्या समाधीमागच्या ओट्यावर बसून चपलेचा पट्टा नीट करत होती. पट्टा तुटला नव्हता, नुसता सैल झाला होता. पण आत्याचा स्वभावच असा, की सैल काही चालायचं नाही. तिने पर्समधली टाचणी काढली, पट्टा ओढून बसवला, दोनदा पाय आपटून पाहिला आणि समाधीला वळसा घालून पुढे आली, तर समोरचं मैदान रिकामं. बस उभी होती तिथे तेलाचा ओला डाग आणि एक केळ्याचं साल, एवढंच उरलं होतं.

आधी तिला वाटलं, बस पलीकडे लावली असेल. पलीकडे जाऊन आली. मग वाटलं, वळवायला नेली असेल. थोडा वेळ थांबली. शेवटी फाटकाशी गावाची चित्रं विकणारी बाई आपली मांडणी आवरता आवरता म्हणाली, "तुमची गाडी गेली की मघाशीच. पुलावरून गेली, मी बघितली."

"मला घेतल्याशिवाय कशी जाईल?" आत्या म्हणाली.

चित्रवालीने एक स्टूल पुढे सरकवलं.

झालं असं होतं, हे नंतर कळलं. सहलीच्या गाइडने निघायच्या आधी माणसं मोजली आणि ती बरोबर भरली. कारण ड्रायव्हरचा मेहुणा याच गावात कामाला आला होता, त्याला पुढच्या गावी जायचं होतं, तो येऊन आत्याच्या जागेवर बसला होता. गाइडने डोकी मोजली, तोंडं नाही बघितली. आत्याच्या शेजारची सीट पहिल्यापासून रिकामी. सहलीत सगळे जोडीने, नाहीतर घोळक्याने आलेले. कुणी काही विचारलं तर आत्या हसायची, खिडकी उघडू का म्हटलं तर उघडा म्हणायची, लावू का म्हटलं तर लावा म्हणायची. अशी बाई बसमध्ये नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार?

आत्याचं सगळं आयुष्यच असं कुणाच्या ध्यानात न येता गेलं होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत बोर्डासमोर बसायचं, कानाला हेडफोन, आणि "नमस्कार, बोला" म्हणायचं. कुणाला वॉर्ड जोडून द्यायचा, कुणाला डॉक्टर. कामाला लागल्यावर मुख्य ऑपरेटर असलेल्या मोठ्या बाईंनी तिला शिकवलं होतं: "आपल्या आवाजात ना घाई हवी, ना दुःख. समोरच्याकडे दोन्ही भरपूर असतं." तो आवाज तिने इतका घोटला, की डॉक्टर लोक फोनवर "ऑपरेटर बाई, तुम्ही आहात म्हणून बरं" म्हणायचे आणि तेच व्हरांड्यात समोरून आले तर भिंतीकडे बघावं तसं बघून पुढे जायचे.

लग्न बघू बघू करता राहून गेलं. आधी आईचं आजारपण, मग भाऊ अचानक गेला आणि त्याचा मुलगा पदरात आला. भाच्याला तिने वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. आता ती त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. भाचा वाईट नव्हता. "आत्या, तू जन्मात कुठे गेली नाहीस. जाऊन ये चार दिवस," म्हणून त्यानेच सहलीचं तिकीट काढलं होतं. घराला रंग द्यायचा होता आणि त्यासाठी मागची खोली रिकामी हवी होती, हेही आत्याला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

मोबाइल बॅगेत, आणि बॅग बसमध्ये. जवळ एक पर्स, एक पाण्याची बाटली. चित्रवालीने पुलाच्या टोकाचं यात्री निवास दाखवलं. "तिथले मॅनेजर भले आहेत. फोन आहे त्यांच्याकडे."

यात्री निवास म्हणजे नदीकाठची जुनी दुमजली इमारत. खालच्या भिंतींना कंबरेइतकी ओल, खिळ्यांवर टांगलेल्या किल्ल्या, आणि काउंटरमागे दोरीला चष्मा अडकवलेले एक किडकिडीत गृहस्थ. आत्याने झालं ते सांगितलं. मॅनेजरांनी फोन तिच्यापुढे सरकवला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आत्याने भाच्याचा नंबर फिरवला. "बोला, मी आत्या. घाबरायचं कारण नाही. बस चुकून पुढे गेली आहे. मी सुखरूप आहे. गाइडचा नंबर तिकिटावर असेल, तेवढा पाहून त्यांना या नंबरवर फोन करायला सांग."

"अगं आत्या! म्हणजे तू तिथेच? एकटी? आणि बॅग?"

"बॅग बसमध्ये आहे."

"नवीन बॅग होती ती," भाचा म्हणाला. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं. "तू ठीक आहेस ना?"

थोड्या वेळाने गाइडचा फोन आला. बिचारा रडकुंडीला आला होता. "आत्या, कान पकडतो. काय तोंड दाखवू? पण आता आम्ही डोंगर चढून वर आलोय. मागे फिरलो तर सगळ्यांचं पुढचं बुडेल. परवा सकाळी याच रस्त्याने परत जायचंय, तेव्हा तुम्हाला घेतो. राहण्याचं मी बघतो. चालेल ना?"

"चालेल," आत्या म्हणाली. तिला दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती.

तिने फोन ठेवला आणि वर पाहिलं तर मॅनेजर चष्मा काढून तिच्याकडे टक लावून बघत होते.

"तुम्ही... मोठ्या दवाखान्यात फोनवर होता का हो?"

आत्या चपापली. "होते. तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज," मॅनेजर म्हणाले. एवढंच बोलून ते खुर्चीवर बसले. मग उठले आणि आत स्वयंपाक्याला चहा सांगायला गेले. परत आले ते स्वतःच कप घेऊन.

त्यांची बायको त्या दवाखान्यात होती, त्याला बरीच वर्षं झाली होती. मेहुणी तिच्यापाशी असायची. इकडे मॅनेजरांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून रोज शहरात जाणं जमायचं नाही. म्हणून रोज संध्याकाळी ते याच काउंटरवरून फोन लावायचे. "नमस्कार, बोला" ऐकू यायचं आणि मग वॉर्ड.

"एका संध्याकाळी वॉर्डचा फोन बंद होता," मॅनेजर म्हणाले. "मी म्हटलं, राहू द्या, उद्या करतो. तर तुम्ही म्हणालात, ठेवू नका, मी वर जाऊन विचारून येते. मी धरून बसलो. आलात तेव्हा तुम्हाला धाप लागली होती. म्हणालात, जिना चढून आले म्हणून. आणि मग सांगितलंत, त्या म्हणतायत, माझी काळजी करू नका, कपाटातली पांघरुणं उन्हात टाका, आणि वेळेवर जेवता का ते खरं सांगा." त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. "पहाटे ती गेली. तेवढंच माझ्याकडे राहिलं. तुम्ही आणून दिलेलं."

आत्याने कप बशीत ठेवला.

जिना चढून गेलेली ती आत्या नव्हती. हे तिला ऐकता ऐकताच कळलं होतं. बोर्ड सोडून जायचं नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम होता आणि आत्याने तो उभ्या नोकरीत एकदाही मोडला नाही. मोडायची ती चिमणी. आत्याच्या बरोबरीची दुसरी ऑपरेटर, चणीने एवढीशी, बडबडी, म्हणून सगळा दवाखाना तिला चिमणी म्हणायचा. कुणाचा रडवेला आवाज ऐकला की हेडफोन भिरकावून जिने चढत सुटायची. मोठ्या बाई तिला ओरडून ओरडून थकल्या. मोठ्या बाईंनीच दोघींना घडवलेलं, त्यामुळे फोनवर दोघींचा आवाज मात्र एकसारखा.

"मला आठवत नाही हो," आत्या म्हणाली. तेवढं खरंच होतं.

"कसं आठवणार! तुम्हाला रोजचे शेकडो. आम्हाला एकच."

त्यांनी तिला वरची नदीकडची खोली दिली. धुतलेला टॉवेल दिला, शाल दिली, दाराची कडी जरा वर उचलून लावावी लागते हे दाखवलं. आत्या खिडकीशी बसली. खाली नदी वाहत होती, काठावर दोन बायका कपडे धूत एकमेकींना काहीतरी ओरडून सांगत होत्या आणि हसत होत्या. एवढ्या मोकळ्या खोलीत एकटं बसायची तिला सवय नव्हती. जिन्याखालच्या खोलीत रात्रपाळीला ती एकटीच असायची, पण तिथे कानात सतत कुणी ना कुणी असे.

सकाळी ती गाव बघायला निघाली. काल गाइडच्या "चला, चला, उशीर होतोय" मध्ये तिने फक्त पुढच्या माणसाची पाठ पाहिली होती. आज तिने दगडी पूल सावकाश ओलांडला. मध्यावर कठड्याचा दगड लोकांच्या टेकण्याने गुळगुळीत झाला होता, तिथे तीही टेकली. मग कोटाच्या भिंतीकडे गेली. भिंत कसली, निम्मी पडलेली, आणि पडलेले दगड गावकऱ्यांनी आपापल्या घरांना लावलेले. एका न्हाव्याच्या दुकानाची पायरी म्हणजे चक्क कोरीव खांबाचा तुकडा होता.

पण दहा पावलं जाते न जाते तोच तिच्या लक्षात आलं, गाव तिच्याकडे बघतंय. चित्रवालीने उठून नमस्कार केला. "मॅनेजरांनी सांगितलं. त्या तुम्हीच म्हणे!" न्हावी दुकानातून बाहेर आला. "या, बसा, चहा घ्या. मॅनेजरवहिनी आमच्या शेजारच्या होत्या." नावाड्याने तिला पलीकडे नेलं आणि उतरताना हात दिला.

पलीकडच्या काठावर जुनं देऊळ होतं, बुटकं, आत कायम ओल. पुजारी म्हातारा होता. त्याने तिला एक अरुंद जिना उघडून दिला. "वरची चित्रं आम्ही कुणाला दाखवत नाही. लोक नखाने नावं कोरतात. तुमची गोष्ट वेगळी."

वर भिंतभर राणीची मिरवणूक रंगवली होती. रंग उडालेले, तरी घोडे ओळखू येत होते. आत्या एका घोड्यापाशी थांबली. "याला पाच पाय आहेत."

पुजारी खूश झाला. "बरोबर बघितलंत! चित्रकाराने पाय बदलला, आणि आधीचा पुसायचा राहिला. माझ्या आजोबांनी मला दाखवला होता. आता तुम्हाला आपोआप दिसला."

आत्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी ती अशी मोठ्याने हसली. आणि हसता हसताच तिला वाटलं, हे सगळं चिमणीचं आहे. ही नाव, हा जिना, हा चहा. आपण दुसऱ्याच्या ताटावर बसलोय, आणि वर पोटभर जेवतोय.

परतताना तिने नावाड्याशी बोलणं टाळलं. पहिल्यांदाच कुणी तिला ओळखत होतं, पण जिना चढून गेलेली बाई म्हणून, आणि ती बाई ती नव्हती. गप्प राहिलं तर कोण विचारणार होतं? उद्या सकाळी बस येणार, विषय संपणार. मॅनेजरांना समाधान, तिला मान. कुणाचं काय जात होतं? दुपारभर तिने स्वतःला हे समजावून पाहिलं. पण तिचा स्वभाव आपण पाहिलाच आहे, सैल काही चालायचं नाही.

संध्याकाळी मॅनेजर गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होते. आत्याने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून दोन घड्या घातल्या.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," आत्या म्हणाली.

"बोला ना."

"ती मी नव्हते. वर जाऊन आली ती. मी कधीच बोर्ड सोडून गेले नाही. आम्ही दोघी होतो. आमचे आवाज सारखे होते."

मॅनेजरांनी चादर छातीशी धरली. "काल का नाही बोललात?"

"बरं वाटत होतं," आत्या म्हणाली.

त्यांनी दुसरी चादर ओढली, तिनेही टोक धरलं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिसायच्या कशा?"

आत्याने सांगितलं. एवढीशी चण, केसांचा कसाबसा बांधलेला अंबाडा, उलटं घातलेलं स्वेटर. जिने दोन दोन पायऱ्यांनी चढायची, खाली येताना कठड्याला धरून. एकदा तर मोठ्या डॉक्टरांना धडकली आणि उलट त्यांनाच म्हणाली, बाजूला व्हा, लाइनवर माणूस आहे. मॅनेजर ऐकत होते. एखादा माणूस परगावाहून आलेल्या आपल्या माणसाची खुशाली ऐकतो तसे.

"आणि बाकीचे दिवस? मी रोज करायचो तो फोन?"

"कधी ती घ्यायची, कधी मी."

"म्हणजे तुम्हीही मला ऐकलं असेल."

"नाही," आत्या म्हणाली. "जोडून दिलं की आम्ही लाइन सोडायचो. दुसऱ्यांचं ऐकायचं नाही, हा नियम होता."

मॅनेजरांनी मान हलवली. चादरींचा गठ्ठा उचलून ते जिन्याकडे गेले आणि तिथे थांबले. "त्या भेटल्या तर सांगा त्यांना. एवढं कराल?"

"करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा स्वयंपाक्याने आणून दिला. मॅनेजर काउंटरवर होते, हसले, झोप लागली का म्हणून विचारलं. सगळं रीतसर होतं. पण आदल्या दिवशीचा माणूस त्यात नव्हता, आणि तो का नाही हे आत्याला समजत होतं. त्यांच्या दृष्टीने ती आता यात्री निवासात उतरलेली एक बाई होती, बस चुकलेली. बस आली तेव्हा ते दारापर्यंत आले. "निरोप विसरू नका," एवढं म्हणाले आणि वाट अडवायला नको म्हणून बाजूला झाले.

बसमध्ये तिचं जंगी स्वागत झालं. गाइडने सगळ्यांसमोर कान पकडले, बायकांनी बिस्किटं पुढे केली, "आत्या, रात्री भीती नाही ना वाटली?" असं दहा जणींनी विचारलं. डोंगर उतरेपर्यंत सगळ्यांना डुलक्या लागल्या. शेजारच्या सीटवर आत्याची बॅग होती.

घरी नव्या रंगाचा वास होता. मागच्या खोलीत तिचा पलंग खिडकीपासून भिंतीकडे सरकला होता, कारण तिथे आता एक मोठं कपाट उभं होतं. "तुझ्या खोलीतच जागा होती गं," भाचेसून ओशाळून म्हणाली. "असू दे," आत्या म्हणाली. भाच्याने बॅगेची चेन उघडझाप करून पाहिली, शाबूत होती. मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी मोबाइल गळ्यात अडकवून जा." गावाचा विषय तेवढ्यावर संपला.

चिमणीचा नंबर आत्याला पाठ होता, पण तो लागेना. दवाखान्यात जाऊन तिने पत्ता काढला. जिन्याखालच्या खोलीत आता झाडू आणि बादल्या ठेवतात, हेही तिने जाता जाता पाहिलं. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा. दोन बस बदलून, गल्ल्या विचारत विचारत ती पोचली. दार अर्धवट उघडं होतं. आत खुर्चीत चिमणी, आणखी एवढीशी झालेली.

"नमस्कार," आत्या म्हणाली.

चिमणीने वळूनही पाहिलं नाही. आत्या समोर जाऊन उभी राहिली तेव्हा ती दचकली, मग तोंडभर हसली आणि कानाकडे बोट करून हात हलवला. दोन्ही कान गेले होते. जन्मभर हेडफोन लावून बसलेल्या बाईचे.

मोठ्या बाईंनी घोटून घेतलेला आवाज इथे काही कामाचा नव्हता. आत्याला ओरडावं लागलं. "नदीकाठच्या गावातला एक माणूस! त्याची बायको आपल्या दवाखान्यात होती! वॉर्डचा फोन बंद होता! तू वर गेलीस! तिचा निरोप आणलास! त्याने तुझे आभार मानलेत!"

चिमणीने कपाळाला आठ्या घालून सगळं ऐकलं. "कुठला माणूस गं? मी सारखीच वर पळायचे. मला नाही आठवत." मग जरा पुढे वाकून म्हणाली, "मग त्याने दुसरं लग्न केलं?"

"नाही!"

"वेडाच आहे," चिमणी म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मग तिने आत्याला हाताला धरून पलंगावर बसवलं. "तू गेली होतीस तिथे? एकटी? कसं आहे गाव?"

आत्या ओरडून सांगायला लागली. दगडी पूल. निम्मा पडलेला कोट. न्हाव्याची पायरी. पाच पायांचा घोडा म्हटल्यावर चिमणी म्हणाली, "काय? पाच बायांचा?" आणि तो पुन्हा सांगावा लागला. शेजारीण दारात डोकावली. "काय झालं? भांडण आहे का?"

"भांडण नाही हो," तिचं तोंड बघूनच चिमणी म्हणाली, "आम्ही फिरायला गेलोय."

निघताना चिमणीने तिचा हात सोडला नाही. "पुन्हा ये. फोन-बिन करू नकोस, मला ऐकू येत नाही. नुसती ये."

पुढच्या आठवड्यात आत्या गेली. भाचेसुनेने विचारलं, कुठे निघालात, तेव्हा ती म्हणाली, "जरा बाहेर," आणि दार ओढून घेतलं.